ट्रान्स्परंट कॅबिनेट: तयार घ्यायचं की ॲक्रिलिकचं स्वतः बनवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॉम्प्युटरसाठी सगळ्या बाजूंनी आरपार दिसेल असं कॅबिनेट हवंय, मदरबोर्ड एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या मापाचा) आहे, ग्राफिक कार्ड मोठं आहे (मॉडेल लिहिलेलं नाही), टफन ग्लासचं (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेचं) तयार घ्यावं की ॲक्रिलिकची शीट कापून स्वतः बनवावं हे ठरत नाहीये, आणि वर कोणीतरी सांगितलंय की प्लास्टिकच्या डब्यात मशीन तापून जाईल. मी पीसी असेंबल करतो आणि सांगाल त्या मापाची ॲक्रिलिकची कॅबिनेटं पण बनवून देतो, त्यामुळे दोन्हीकडचं बरंवाईट रोज हातात येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

काच की ॲक्रिलिक हे नंतर बघू, आधी वजन कशावर टाकायचं ते ठरवा. बोर्ड, कूलर, कार्ड, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) यांचं वजन, प्रत्येक स्क्रूचा ताण, मागून यूएसबी खुपसताना बसणारा रेटा, हे सगळं कॅबिनेट सहन करत असतं. पत्र्याला हे काम निमूटपणे जमतं. आरपार दिसणाऱ्या कुठल्याच मालाला तितकं जमत नाही. म्हणून मी कोणालाही पहिल्यांदा हेच सांगतो की सांगाडा धातूचा ठेवा आणि आरपार फक्त तिथेच करा जिथे नजर जाते. समोर बसणाऱ्याला दोन बाजू दिसतात, फार तर वरची धरून तीन. बोर्डाच्या मागची बाजू, जिथे केबलचा गुंता कोंबलेला असतो, ती आरपार करून कोणाचं काय भलं होणार?

अर्थात हे परिस्थितीवर आहे. छोटा मिनी आयटीएक्स बोर्ड असेल, कार्ड हलकं किंवा मुळात नसेल, मशीन एकदा ठेवलं की जागचं हलणार नसेल आणि तुम्हाला कापाकापीची आवड असेल तर पूर्ण ॲक्रिलिकचं कॅबिनेट झकास होतं, मी स्वतः तशी बनवतो. पण एटीएक्स बोर्ड आणि दोन किलोच्या आसपास जाणारं कार्ड म्हटलं की गणित बदलतं. आणि दर दोन महिन्यांनी मशीन उचलून दुसरीकडे नेत असाल तर ते आणखी बदलतं.

आता तापण्याचं, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. ॲक्रिलिकमधून उष्णता जात नाही हे खरंच आहे, त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ०.२ आणि लोखंडी पत्र्याची ५० च्या घरात, म्हणजे शेकडो पटींचा फरक. पण पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये तरी उष्णता पत्र्यातून कुठे बाहेर पडते? जवळजवळ सगळी हवेबरोबरच जाते, त्यामुळे भिंत कशाची आहे याने फार फरक पडत नाही, हवा किती आणि कुठून जाते याने पडतो. हिशेब करून बघा. मशीन ४०० वॅट उष्णता टाकतंय आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशच गरम असावी असं म्हटलं तर सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा लागते, म्हणजे ७० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट). १२० एमएमच्या फॅनच्या खोक्यावर ५० किंवा ६० सीएफएम लिहिलेलं असतं खरं, पण तो आकडा मोकळ्या हवेतला, जाळी आली, फिल्टर आला, समोर केबल आल्या की मी सरळ निम्मा धरतो. म्हणजे हवा आत घेणारे तीन आणि बाहेर टाकणारा एक, जमलं तर दोन, एवढं तरी पाहिजे.

ट्रान्स्परंट कॅबिनेटं तापतात ती इथे. दिसण्यासाठी पुढची बाजू बंद करून टाकतात. पुढे पूर्ण काच, तिच्यामागे तीन रंगीत फॅन, आणि हवा यायला कडेने बोटभर फट, असले मॉडेल मी तरी कोणाला घेऊ देत नाही. पुढे आणि बाजूला काच हवीच असेल तर हवा खालून आणि दुसऱ्या बाजूने घ्यावी लागते. २०१८ मध्ये लिआन ली या कंपनीचं ओ११ डायनॅमिक हे कॅबिनेट आलं तेव्हापासून ही रचना सगळीकडे झाली, दोन कप्पे, पुढच्यात दाखवायचं सामान आणि मागच्यात एसएमपीएस आणि केबल. रचना चांगली आहे, पण खालून हवा घेणारं कॅबिनेट जमिनीवर गालिच्यात रुतवून ठेवलं की सगळं मुसळ केरात. पाय उंच पाहिजेत आणि खालचा फिल्टर कॅबिनेट आडवं न करता ओढून काढता आला पाहिजे, नाहीतर तुम्ही तो कधीच साफ करणार नाही.

ॲक्रिलिक वितळेल का असंही लोक विचारतात. ते मऊ पडायला साधारण १०० अंशांच्या आसपास जावं लागतं, वजन पेलत असेल तर ८० च्या पुढेच वाकायला लागतं. कॅबिनेटमधली हवा ४०-५० अंश असते, तिथे काही होत नाही. पण कार्डाची मागची प्लेट चांगलीच तापते, ती शीटला टेकू देऊ नका, बोटभर तरी अंतर ठेवा.

कॅबिनेट गुदमरतंय का हे घरबसल्या कळतं. पॅनेल लावून अर्धा तास एखादा जड गेम चालवा आणि कार्डाचं तापमान बघा, मग पॅनेल काढून तेवढाच वेळ तोच गेम. तीन-चार अंशांचा फरक आला तर सोडून द्या. दहाच्या पुढे गेला तर हवेचा रस्ता चुकलाय, आणखी फॅन लावून तो सुधारत नाही, आधी जाळी मोकळी करावी लागते.

मालाबद्दल. टफन ग्लासला सहजासहजी चरे पडत नाहीत, वर्षानुवर्षं नव्यासारखी दिसते, साध्या काचेपेक्षा साधारण चौपट मजबूत असते. पण टफन केल्यानंतर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, जे करायचं ते भट्टीत जाण्याआधी, त्यामुळे घरी काही बदल करायचा विचार असेल तर काच बाद. वजन बघा, ४५० बाय ४०० एमएमची ४ एमएम जाडीची काच १.८ किलोची होते, तेवढंच ॲक्रिलिक ८५०-८६० ग्रॅमचं. आणि काच फुटते ती मधे मार बसून नाही, कोपऱ्यावर. पॅनेल काढून सिरॅमिक टाइल्सच्या फरशीवर कडेवर उभं टेकवलं, खण्ण झालं, आणि पायाशी साखरेच्या खड्यांसारखा ढीग. टाइल काचेपेक्षा कडक असते, कडेला बारीकसा टवका उडाला की आतला सगळा ताण एकदम सुटतो. पॅनेल काढलं की गादीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर आडवं ठेवायचं, भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, पाच मिनिटांसाठीपण नाही.

ॲक्रिलिक हलकं, कापायला सोपं, आणि आरपारपणात काचेच्या बरोबरीचं, ९२ टक्के प्रकाश जातो. दुखणी म्हणजे चरे पटकन पडतात, धूळ ओढून घेतं, आणि ताण आला की वाकण्याऐवजी तडकतं. शिवाय ते पेटतं, हे कोणी सांगत नाही, म्हणून एसएमपीएसबद्दल खाली वेगळं लिहिलंय. तिसरा पर्याय पॉलिकार्बोनेट, त्यावर हातोडा मारला तरी सहसा फुटत नाही, पण चरे ॲक्रिलिकपेक्षाही लवकर पडतात, वरून यूव्ही किरण अडवणारा थर नसेल तर उन्हात पिवळं पडतं आणि लेझरने कापायला गेलात तर कड करपून तपकिरी होते. जिथे मार बसणार आहे तिथे मी ते वापरतो, दाखवायच्या बाजूला नाही. आणि पीव्हीसीची पारदर्शक शीट कोणी स्वस्तात देत असेल तर ती लेझरवर मुळीच घालू नका, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

म्हणजे इथपर्यंतचं सांगायचं तर, तुमचं सामान जड आहे, तेव्हा तयार घेणार असाल तर पत्र्याच्या चौकटीत बसवलेली काच, दोन बाजूंना, हवा खालून आणि बाजूने. यात फारसं काही चुकण्यासारखं नाही. घेताना कार्डाची लांबी पुढचा फॅन किंवा (पाण्याचं कूलिंग असेल तर) रेडिएटर बसवल्यानंतर मावते का बघा, नुसता कॅटलॉगमधला आकडा बघू नका, कूलरची उंची बघा, बोर्डाच्या मागे केबलसाठी २०-२५ एमएम जागा आहे का बघा. अशी बरीच कॅबिनेटं फॅनशिवाय येतात, तो खर्च आधीच धरा. काच हलक्या काळ्या छटेची घेतलीत तर लाइट बंद असताना आतला पसारा झाकला जातो, मला तीच आवडते, पण हा आपापल्या आवडीचा भाग.

आता बनवायचंच असेल तर. सगळ्यात उपयोगाची युक्ती आधी सांगतो: भंगारात निघालेलं जुनं एटीएक्स कॅबिनेट मिळवा आणि त्यातला मदरबोर्डचा ट्रे, मागच्या स्लॉटच्या पट्टीसकट, कापून काढा. स्टँडऑफची (बोर्ड उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांची) भोकं, कार्डाचे स्लॉट, मागच्या पोर्टची खिडकी, हे सगळं मापात तयार मिळतं. तुम्ही म्हणाल हे काय, मी मोजून कापेन की. कापा, पण पोर्टची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ एमएम असते, स्लॉट एकमेकांपासून २०.३२ एमएमवर असतात, आणि बोर्ड ट्रेपासून ६.३५ एमएमवर उचललेला असतो, यात मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की कार्ड बसतं पण स्क्रू लागत नाही, किंवा स्क्रू लागतो आणि कार्ड स्लॉटमध्ये तिरकं राहतं. तुमच्या त्या जड कार्डाचं निम्मं वजन याच पट्टीवर येणार आहे, ॲक्रिलिकवर ते टाकू नका. दुसऱ्या टोकाला खालून एक टेकू द्या, तो खुशाल ॲक्रिलिकचा करा, छान दिसतो.

शीट घेताना कास्ट (साच्यात ओतलेली) मागा, एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली) नको. एक्स्ट्रुडेड स्वस्त असते, जाडी अगदी एकसारखी असते, पण ड्रिल करताना वितळून बिटला चिकटते आणि तडेही लवकर धरते. जाडी बाजूंना ३ ते ४ एमएम पुरते, तळ ८ किंवा १० चा. आतले कोपरे काटकोनात कापू नका, गोलाई द्या, कारण तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो.

भोकं हा खरा कसोटीचा भाग. धातूला वापरतो तो साधा बिट ॲक्रिलिकमध्ये वरून नीट जातो, आणि खालून बाहेर पडायच्या क्षणी एकदम स्वतःला ओढून घेतो, टक असा आवाज येतो आणि भोकाच्या कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेला असतो. यावर इलाज म्हणजे बिटची धार दगडावर किंचित मारायची, म्हणजे तो खोदण्याऐवजी खरवडतो, किंवा सरळ स्टेप ड्रिल घ्यायचं. वरचा कागद काढायचा नाही, खाली लाकडाची फळी घट्ट दाबून धरायची, स्पीड कमी, आणि दर दोन-तीन सेकंदांनी बिट वर उचलायचा. लांब सलग साल निघत असेल तर बरोबर चाललंय. भुगा चिकट होऊन बिटवर जमायला लागला तर गरम होतंय, थांबा.

भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा, तीनच्या स्क्रूला चारचं, चारच्या स्क्रूला पाचचं, आणि खाली नायलॉनचा वॉशर. यामागे कारण आहे. ॲक्रिलिक उष्णतेने लोखंडाच्या पाच-सहा पट फुगतं, अर्ध्या मीटरची शीट २० अंश तापली की ०.७ एमएमने वाढते. धातूच्या चौकटीवर घट्ट भोकात आवळून बसवलेली शीट दिवसभर काही दाखवत नाही, मग हवामान बदललं की एक दिवस स्क्रूपासून कोपऱ्यापर्यंत तडा. आवळतानाही हाताने लागेल तेवढंच, वर चतुर्थांश फेरा, पॉवर स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा. ॲक्रिलिकमध्येच आटे पाडू नका, पितळी इन्सर्ट किंवा नट-बोल्ट वापरा. घट्ट राहावं म्हणून थ्रेडलॉकरचा थेंबही टाकू नका, त्यातलं रसायन ॲक्रिलिकला आतून फोडतं.

हेच स्पिरिटचं. लेझरने कापलेली कड काचेसारखी चकचकीत येते, पण तिच्यात ताण साठलेला असतो. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा काच पुसायच्या अमोनियावाल्या स्प्रेने पुसली की थोड्या वेळात कडेपासून आत जाणाऱ्या केसासारख्या चंदेरी रेषा दिसायला लागतात, बोट फिरवलं तर काही लागत नाही पण प्रकाशात तिरकं धरलं की शेकड्याने दिसतात. त्या परत जात नाहीत. कापणाऱ्याकडे ओव्हन असेल तर शीट ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून हळूहळू थंड करून घ्या, बराच ताण निघून जातो. पारदर्शक मालात असले बारीक दोष लपत नाहीत, ॲपलने २००० साली जी४ क्यूब काढला, त्याच्या ॲक्रिलिकच्या खोळीत बारीक रेषा दिसतात म्हणून लोकांनी बोंब केली होती (तो वर्षभरात बंद झाला, पण ते विक्री नसल्यामुळे).

जोडायला डायक्लोरोमिथेनचं सॉल्व्हेंट, दोन कडा आधी जुळवून सुईने फटीत सोडायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवून, त्याची वाफ हुंगण्यासारखी नसते. सुपरग्लू लावलात तर आजूबाजूला पांढरी वाफ बसल्यासारखा डाग येतो. मी तर शक्यतो चिकटवतच नाही, नट-बोल्टने जोडतो, म्हणजे एक पॅनेल खराब झालं तर एकच बदलता येतं.

विजेचं. एसएमपीएस त्याच्या पत्र्याच्या डब्यातून बाहेर काढून दाखवायचा मोह काही जणांना होतो. नाही. आत मेन्सचा करंट आहे, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि बाहेरची भिंत पेटणाऱ्या प्लास्टिकची. तो बंद डब्यातच राहील, आणि प्लगची अर्थिंगची पिन खरोखर अर्थिंगला गेलेली पाहिजे. धातूचा ट्रे वापरला असेल तर त्यातून एक वायर एसएमपीएसच्या डब्याच्या स्क्रूला जोडा. घासल्यावर ॲक्रिलिकवर स्टॅटिक चार्ज बसतो, म्हणून आत हात घालण्याआधी धातूला स्पर्श करायची सवय लावा, आणि मशीन चालू असताना कोरड्या फडक्याने पॅनेल घासू नका.

पत्र्याचं कॅबिनेट रेडिओ लहरी अडवतं, ॲक्रिलिक अडवत नाही. रोजच्या वापरात सहसा जाणवत नाही, पण यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलंय, त्यामुळे वायरलेस माउस अडखळायला लागला तर त्याचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशनने दूर न्या आणि बघा. लाइटचं एकच सांगतो, ५ व्होल्टचा तीन पिनवाला एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो तो) आणि १२ व्होल्टचा चार पिनवाला आरजीबी (सगळी पट्टी एकाच रंगाची) वेगळे असतात, कनेक्टर जबरदस्तीने घुसवला तर पट्टी जागेवर जळते.

कार्ड उभं लावून काचेकडे तोंड करायचा विचार असेल तर कार्डाचे पंखे आणि काच यांत चांगलं अंतर हवं, काचेला चिकटलेलं कार्ड स्वतःचीच गरम हवा खात बसतं. बऱ्याच कॅबिनेटमध्ये उभ्या कार्डाची सोय असते पण जाड कार्डाला तेवढं अंतर उरत नाही, मॉडेल न कळता मी यावर ठामपणे सांगू शकत नाही.

साफसफाई: आधी धूळ फुंकून किंवा ब्लोअरने उडवा, ती अंगावर असताना पुसलंत तर तीच पॉलिश पेपरचं काम करते. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पिळलेलं मायक्रोफायबर, हलक्या हाताने एका दिशेने, पॅनेल मशीनपासून काढूनच. बारीक चरे प्लास्टिक पॉलिशने जातात, नखाला लागणारे असतील तर ८०० पासून २००० पर्यंतचा ओला पेपर आणि मग पॉलिश, वेळखाऊ आहे पण शीट वाचते.

कार्डाचं मॉडेल, कूलरची उंची आणि मशीन टेबलावर राहणार की खाली, एवढं कळवा, मग एखाद्या नेमक्या रचनेबद्दल बोलता येईल.